एका चार्जिंगमध्ये किती जाते?

(१९९७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी तयारीही केली होती. पण सकाळी साडेनऊला गाडी शाळेच्या फाटकाशी लावली, हिरवी नंबरप्लेट पाहून चार जण जवळ आले, आणि तेव्हापासून चहाच्या वेळेपर्यंत मला एकच प्रश्न निदान पंधरा जणांनी विचारला. "मुलं किती?" हा नव्हे. "नोकरी कुठे?" हाही नव्हे. प्रश्न होता, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

म्हणून विषय बदलते. कृत्रिम बुद्धिमत्ता पुढच्या मेळाव्याला. आज या एका प्रश्नाचं उत्तर देते, आणि खरंखुरं देते. कारण पंधरा जणांना मी घाईत "अडीचशे" असं सांगून टाकलं, आणि ते उत्तर अर्धवट आहे. गेल्या वर्षी हेच अर्धवट उत्तर मला एका रात्री फार महाग पडलं. तेही सांगणार आहे.

आधी हिशेब. गणिताच्या बाई समोर आहेत, त्यामुळे पायऱ्या गाळणार नाही.

विजेच्या गाडीची बॅटरी युनिटमध्ये मोजतात. तेच युनिट, जे आपल्या लाइटबिलावर असतं. एक हजार वॉटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. माझ्या गाडीच्या बॅटरीत साधारण चाळीस युनिट मावतात. कंपनीच्या कागदावर गाडी चारशेच्या वर किलोमीटर जाते असं लिहिलंय. मग मी अडीचशे का म्हणते? कंपनी खोटं बोलते का? नाही. तो आकडा ज्या चाचणीतून येतो ती प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात, वेग ठरवून दिलेला असतो आणि तो नव्वदच्या वर जात नाही. एसी बंद. समोरून वारं नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि डिकीत ज्वारीचं पोतं नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असावी म्हणून ती तशी घेतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण प्रश्नपत्रिका घरी सोडवून मिळालेले गुण आणि बोर्डाच्या परीक्षेतले गुण यांत फरक असतो, तसा हा फरक आहे.

बोर्डाची परीक्षा म्हणजे आपला रस्ता. ८० च्या वेगाने शांतपणे चालवली तर माझी गाडी १०० किलोमीटरला १४ युनिटच्या आसपास खाते. १०० च्या वेगाने १७-१८. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, तिथे तसं नेलं तर २२ पर्यंत जाते. म्हणजे तीच गाडी, तीच बॅटरी, आणि उत्तरं तीन: २८५, २३० किंवा १८०.

असं का होतं ते विज्ञानाच्या सरांनी आपल्याला नववीत शिकवलं होतं, फक्त तेव्हा आपण खिडकीतून बाहेर बघत होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १२० केला, म्हणजे दीडपट केला, की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. पेट्रोलच्या गाडीलाही हे लागू आहे. पण तिथे आपल्याला कळत नाही, कारण दर दहा किलोमीटरवर पंप आहे. पैसे जातात, पण गाडी थांबत नाही. विजेची गाडी आपल्या प्रत्येक सवयीचा हिशेब पडद्यावर मांडते.

बाकीची कारणं पटकन सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर गेला की एसी बॅटरीतून चांगलाच वाटा काढतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर पाच-दहा किलोमीटर तिथेच जातात. समोरून वारं असेल तर तेही. आणि एक गोष्ट मिळतेही. ब्रेक लावताना किंवा उतारावर मोटर उलटं काम करते, वीज तयार करून परत बॅटरीत टाकते. कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरले, तेव्हा खाली पोचेपर्यंत बॅटरी एक-दोन टक्क्यांनी वाढलेली होती. मुलगी म्हणाली, "आई, गाडीने माघारी पैसे दिले."

आता टक्क्यांविषयी. आपण बिडकीनची माणसं. पैठण तालुक्यातल्या माणसाला टक्के शिकवावे लागत नाहीत. उन्हाळ्यात पेपर उघडला की आपले वडील आधी काय बघायचे? नाथसागर किती टक्के. आमचे आण्णा आजही बघतात. जायकवाडीत एकूण साधारण १०२ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं २६ टीएमसी मृत साठा. पेपरात जो टक्का छापतात तो जिवंत साठ्याचा. म्हणून दुष्काळात आकडा शून्याच्या खाली, उणेमध्ये गेलेलाही आपण पाहिलाय. धरणात पाणी दिसतंय, पण कालव्याला सुटत नाही. बॅटरीचंही तसंच आहे. तळाशी थोडा साठा गाडी राखून ठेवते, कारण बॅटरी पार रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं. पडद्यावरचा शून्य म्हणजे जिवंत साठ्याचा शून्य. "अजून थोडं असेल तळाशी" या भरवशावर गाडी चालवू नये. त्या पाण्यावर पेरणी होत नाही.

भरण्याचंही तसंच गणित. घरी १५ अँपिअरचा पॉइंट असेल, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो, तर तासाला तीन-सव्वातीन युनिट जातात. चाळीस युनिट भरायला बारा-तेरा तास, प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण थोडी वीज वाटेत उष्णतेत जाते. भिंतीवर लावायचा सात किलोवॉटचा चार्जर असेल तर सहा तास. आणि महामार्गावरचे जे जलद चार्जर असतात, ३०, ५०, ६० किलोवॉटचे, तिथे तासाभरात दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत काम होतं.

"मग ऐंशीपर्यंतच का?" असं मघाशी कुणीतरी विचारलं. आपली पैठणहून येणारी सकाळची एसटी आठवा. बिडकीनला थांबली की पहिली वीस माणसं दोन मिनिटांत आत. रिकाम्या जागा दिसत असतात, पटापट बसतात. पण शेवटची दहा माणसं चढवायला कंडक्टरला तेवढाच वेळ लागायचा. "मागं सरका, मागं सरका!" बॅटरीत लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांमध्ये जागा शोधत शिरत असतात. शेवटी शेवटी जागा कमी उरते. जबरदस्तीने कोंबलं तर बॅटरी बिघडते, म्हणून गाडीच वेग कमी करते. ऐंशी ते शंभर टक्क्यांना जलद चार्जरवरही जवळजवळ तेवढाच वेळ जातो. म्हणून प्रवासात ऐंशीला निघायचं आणि पुढे गरज पडली तर पुन्हा थांबायचं.

पैशाचं एका वाक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना ऐकायचंय. घरी भरली तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये, रस्त्यावरच्या चार्जरवर साडेतीनच्या आसपास, आणि माझी जुनी पेट्रोलची गाडी सात रुपये खायची. पण विकत घेताना गाडी महाग असते. ज्याचं महिन्याचं फिरणं पाच-सहाशे किलोमीटर आहे त्याने केवळ पैसे वाचवायला ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं मला माहीत होतं. गेल्या वर्षी मे महिन्यातही माहीत होतं. तरी ती रात्र व्हायची ती झालीच.

मी पुण्याला खराडीत राहते. रात्री अकरा वाजता धाकट्या भावाचा फोन आला. आण्णा जेवून अंगणात बसले होते, सव्वादहाच्या सुमारास त्यांची जीभ जड झाली आणि डावा हात खाली पडला. भाऊ त्यांना घेऊन संभाजीनगरला निघाला होता. माझे यजमान त्या आठवड्यात बेंगळुरूला होते. शेजारच्या काकूंकडे मुलीला सोपवलं आणि अकरा चाळीसला मी गाडी काढली.

पडद्यावर ५८ टक्के.

५८ का? कारण आदल्या रात्री चार्जरला लावायची राहिली. "उद्या लावू" म्हटलं. ऑफिसला आणि परत, वीस किलोमीटर. ५८ म्हणजे भरपूर.

पुण्याहून नगर माझ्या घरापासून ११० किलोमीटर. ५८ टक्के म्हणजे २३ युनिट. ८० ने गेले असते तर नगरला १८ टक्के उरले असते. हे गणित मी लिफ्टमध्येच केलं होतं. पण वडील दवाखान्यात असताना ८० ने कोण चालवतं? शिरूर सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि काटा १०० च्या खाली आलाच नाही. त्यात वळवाचं वारं सुटलेलं, समोरून. नगरच्या पुढे, जिथे चार्ज करायचं ठरवलं होतं तिथे पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती आणि ११ टक्के उरले होते. घाई करून मी पंधरा मिनिटं वाचवली होती, आणि त्यासाठी सात टक्के दिले होते.

चार्जर बंद. वादळाने त्या भागातली वीज गेली होती. हॉटेलचा रखवालदार बॅटरी घेऊन बाहेर आला, म्हणाला, "लाइट दहा वाजताच गेलीय, ताई." माझ्या मोबाइलमधल्या ॲपवर त्याच चार्जरवर हिरवा ठिपका होता. "उपलब्ध."

त्या ठिपक्याकडे बघत असतानाच भावाचा फोन आला. हा फोन मी आयुष्यभर विसरणार नाही. तो म्हणाला, "ताई, डॉक्टर सही मागायलेत. डोक्यात गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं म्हणतात, पण रक्तस्रावाचा धोका आहे. साडेचार तासांच्या आतच देता येतं म्हणाले, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तू कुठंवर आलीस? तू येस्तोवर थांबू का?"

मी म्हटलं, "थांबू नको. डॉक्टरांशी बोलायला दे." दोन मिनिटं डॉक्टरांशी बोलले. मग भावाला म्हटलं, "सही कर."

तो काही क्षण बोललाच नाही. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी जे केलं ते फक्त गणित होतं. पुढचा चार्जर २७ किलोमीटरवर, नेवाशाच्या वाटेवर. तिथे फोन लावला. ठिपक्यावर विश्वास नव्हता. फोन उचलणारा मुलगा म्हणाला, "चालू आहे, मॅडम, एक गाडी लागलेली आहे." ११ टक्के म्हणजे साडेचार युनिटला थोडं कमी. एसी बंद केला, काचा वर, वेग ५०. ५० च्या वेगाला हवेचा अडथळा फारच थोडा असतो. गाडी १०० किलोमीटरला दहा युनिटवर आली. एका कांद्याच्या ट्रकच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून अर्धा तास चालवली. घाम डोळ्यांत जात होता. सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या. वडील दवाखान्यात आणि मुलगी पन्नासच्या वेगाने. त्या अर्ध्या तासाएवढा लांब अर्धा तास मी पाहिला नाही. पोचले तेव्हा चार टक्के.

तिथे लागलेली गाडी शिर्डीहून परतणाऱ्या एका कुटुंबाची होती. त्यांना अजून वीस मिनिटं हवी होती. मी सांगितलं तेव्हा त्या गाडीतल्या आजीबाई मुलाला म्हणाल्या, "काढ ती नळी. आपल्याला कुठं जायचंय घाईनं?" त्या माणसाने माझ्या गाडीला नळी स्वतः लावून दिली. पस्तीस मिनिटांत ४५ टक्के झाले. तेवढे पुरेसे होते, एकही टक्का जास्त घेतला नाही. आपली नळी काढून त्यांची पुन्हा लावून दिली आणि निघाले. कायगावचा गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा तीन वाजत आले होते. पावणेचारला दवाखान्यात पोचले.

इंजेक्शन दीड वाजताच दिलं होतं. आण्णा झोपलेले होते. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिळाला का तुझ्या गाडीला करंट?"

आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय, कारण तो भाऊ इथे मागच्या रांगेत बसलाय. आपल्याच शाळेचा, चार वर्षं मागचा. कालच त्याला विचारलं, "सांगू का?" तो म्हणाला, "सांग, पण पूर्ण सांग."

तर पूर्ण सांगते. आण्णा बरे आहेत. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली आहे, पण चालतात, बोलतात, पेपरात नाथसागर बघतात. इंजेक्शन वेळेत मिळालं. आणि हिशेब मांडला तर पेट्रोलच्या गाडीनेही मी दीडच्या आत पोचले नसते. सही भावालाच करावी लागली असती. हे मी त्याला दोन-तीन महिन्यांनी समजावून सांगायला गेले. आकडे मांडले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुझं गणित बरोबर असंल. पण सही करताना माझा हात थरथरायला होता, आणि तू फोनवर चार्जरपाशी उभी होतीस. दहा किलोमीटर अलीकडं येऊन 'आलेच' म्हणाली असतीस तरी मला बरं वाटलं असतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. जो तास उशीर झाला तो गाडीमुळे झाला असं म्हणायला मी तयार नाही. पण तो माझ्यामुळे झाला हे मान्य आहे. त्यात तीन चुका होत्या, आणि त्या तिन्ही चुका सांगण्यासाठीच आज विषय बदलला.

पहिली चूक आदल्या रात्रीची. पेट्रोलची गाडी रिकामी झाली की भरायची असते. विजेची गाडी उभी असेल तेव्हा भरायची असते. आपल्या आया रात्री निजण्याआधी घागर भरून ठेवायच्या. सकाळी नळ येईल न येईल, म्हणून. रिकामी घागर घरात रात्र काढायची नाही. मराठवाड्यातल्या मुलीला हे वेगळं शिकायची गरज नव्हती. तरी मी विसरले. आता घरी आले की आधी गाडीला प्लग, मग चपला.

दुसरी चूक वेगाची. घाई असेल तेव्हा विजेच्या गाडीत सावकाश जाणं हाच लवकर पोचण्याचा मार्ग असू शकतो. ८० ने आले असते तर १८ टक्के हातात असते, पुढच्या २७ किलोमीटरची धास्ती नसती आणि तो अर्धा तास पन्नासने काढावा लागला नसता.

तिसरी चूक त्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवण्याची. आणि इथे माझा धंदा आला.

चार्जर दर काही मिनिटांनी कंपनीच्या संगणकाला कळवत असतो, "मी चालू आहे." दहा वाजता वीज गेली, चार्जरचं बोलणं थांबलं. पण ॲपने शेवटचं उत्तर जपून ठेवलं आणि तेच दाखवत राहिलं. तीन तास जुनी माहिती ताजी म्हणून. आपल्या वर्गात काय व्हायचं? सर हजेरी घ्यायचे, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी दुसऱ्याच्या नावाला "हजर सर!" म्हणायचं. ते कोण कोण होते ते इथे बसलेत, हसतायत. तो हिरवा ठिपका म्हणजे तसली हजेरी होती. मुलगा शेतात, आणि हजेरीपटावर हजर.

मला राग आला. आठवडाभर त्या लोकांवर मनातल्या मनात चिडत होते. मग एके दिवशी ऑफिसमध्ये माझ्याच चमूने बनवलेला एक पडदा पाहत होते. आमचं काम गाड्यांचं नाही, गोदामांमधल्या शीतगृहांच्या नोंदींचं आहे. त्या पडद्यावर एका शीतगृहासमोर हिरवी खूण होती. मी विचारलं, "याचं शेवटचं तापमान कधी आलंय?" सहा तासांपूर्वी. यंत्र बंद होतं, खूण हिरवी. तो कोड आठ वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिला होता.

त्या आठवड्यात आम्ही तो बदलला. आता प्रत्येक आकड्याखाली लिहिलेलं असतं, "शेवटची नोंद: अमुक मिनिटांपूर्वी." आणि ठरावीक वेळ ओलांडली की हिरवं जातं, करडं येतं, "माहिती नाही" म्हणून. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, हे आपल्याला इतिहासाच्या बाई नेहमी सांगायच्या. मला ते शिकायला वीस वर्षांची नोकरी आणि एक रात्र लागली.

आता आणखी एका माणसाविषयी. आण्णा घरी आल्यावर मी दर पंधरा दिवसांनी बिडकीनला येऊ लागले. घरी गाडी लावायला पॉइंट नव्हता. पहिल्यांदा गोठ्याजवळच्या जुन्या बोर्डाला लावली, तर दोन तासांत प्लग इतका तापला की हात लावता येईना. गाडीनेच चार्जिंग थांबवलं, "अर्थिंग नाही" असा इशारा देऊन. तेव्हा मी आपल्या वर्गातल्या एकाला फोन केला. नाव सांगत नाही, त्याने बजावलंय. दहावीला गणितात राहिला होता, आज परिसरात वायरिंगची कामं करतो. तो आला, बोर्ड उघडला आणि मला म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग ही दीड एमएमची वायर बघून लावलीस कशी गाडी?"

त्याने मीटरपासून वेगळी लाइन ओढली, चार एमएमची तांब्याची. वेगळा एमसीबी. घरामागे खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा असं आईला सांगून गेला. दीड वर्ष झालं, प्लग कोमटसुद्धा होत नाही. मोबाइलला जे चालतं ते गाडीला चालत नाही. मोबाइल काही वॉट घेतो, गाडी तीन हजारांच्या वर, तेही रात्रभर, न थांबता. त्यामुळे ज्यांच्या मनात गाडी किंवा विजेची स्कूटर घ्यायचं आहे त्यांनी शोरूमला जायच्या आधी वायरमनला बोलवा. माझा सल्ला विचाराल तर आधी त्याला विचारा.

शेवटचं, आणि हे सरांना आणि बाईंना उद्देशून आहे.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आपल्या वडिलांच्या पिढीतली कितीतरी घरं बदलली. आता पाळी आपल्या शिवाराची आहे. बिडकीनच्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचं २९ सप्टेंबर २०२४ ला लोकार्पण झालं. त्याआधी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. एथर या विजेच्या स्कूटरच्या कंपनीनेही इथेच यायचं जाहीर केलं. आमची अडीच एकर त्या क्षेत्रात गेली. आण्णांना त्याचं दुःख आहे, आणि ते मी पुसू शकत नाही. ज्या वावरात आम्ही कापूस वेचला त्याच्या आसपास आता गाड्या बनणार आहेत. पण जमीन गेलीच आहे, तर निदान त्या फाटकातून आत जाणारी मुलं आपल्या शाळेची असावीत, आणि ती फक्त झाडू घेऊन आत जाऊ नयेत. सर, मुलांना लाइटबिल वाचायला शिकवा. युनिट म्हणजे काय, अर्थिंग कशाला, वायरची जाडी कशी ठरते, एवढं दहावीच्या मुलाला आलं तरी तो आमच्यापुढे जाईल. प्रयोगासाठी माझी गाडी वर्षातून दोनदा शाळेच्या आवारात उभी करायला मी तयार आहे. आणि शिकवायला आपला तो वायरमन येईल. त्याने होकार दिलाय.

बॅचला एक काम सांगते. दाराशी एक वही ठेवली आहे. आपण पुणे, शिरूर, नगर, नेवासा, वाळूज, जालना, पैठण, पार नागपूरपर्यंत पसरलोय. ज्यांच्या घरी किंवा दुकानात नीट अर्थिंग केलेला १५ अँपिअरचा पॉइंट आहे त्यांनी आपलं नाव, गाव, फोन लिहा. कुणाला रात्री-अपरात्री गाडी अडली तर दोन तास प्लग आणि एक कप चहा मिळेल, इतकंच. त्या रात्री नगरजवळ माझ्या वर्गातलं कुणी राहतं हे मला माहीत असतं, तर मी ठिपक्याकडे बघत उभी राहिले नसते. आणि एक अट. फोन लागत नसेल, पॉइंट बिघडला असेल, तर वहीतलं नाव तेव्हाच खोडायचं. दुसऱ्याने "हजर" म्हणायचं नाही.

तर एका चार्जिंगमध्ये किती जाते? ८० ने चालवली तर २८५, १०० ने २३०, आणि घाबरून चालवली तर नेमकी पुढच्या चार्जरपर्यंत.

आज सकाळी पुण्याहून निघाले तेव्हा १०० टक्के होते. वाटेत एकदा थांबले. भावाला फोन केला, "नेवाशाला आहे, ७० टक्के आहेत, दीड तासात पोचते." तो म्हणाला, "हळू ये, ताई. आण्णा उठलेत, कितीवर आली विचारायलेत."